डावीकडचा खांदा

माझ्या आजोबांनी आयुष्यात एकच गोष्ट शपथेवर सांगितली. ती ही. पटली नाही तर सोडून द्या, पण त्यांना खोटं ठरवू नका.

१९२२ सालचा नोव्हेंबर, दुसरा रविवार, भर दुपार. ओहायोतलं आमचं पोलाद कारखान्याचं गाव.

आजोबांचं नाव एमिल हुदाक. वय बावीस. कॉलेजात शिकत होते. पैसे घेऊन अमेरिकन फुटबॉल, म्हणजे तो रेटारेटीचा खेळ, खेळताना सापडले असते तर कॉलेजने हाकलून दिलं असतं. म्हणून टीमचा मॅनेजर डूली याने त्यांना दुसऱ्याच्या नावावर उतरवलं.

मातुश क्रालिक.

मातुश सप्टेंबरात भट्टीपाशी भाजून मेला होता. त्याचीच जागा आजोबांना मिळाली. पुढच्या रांगेत, डावीकडे. चेंडू कधी हाती यायचा नाही, समोरच्याला अंगाने रोखायचं, बस. खेळाडूंच्या नावांचे कागद आधीच छापून आले होते. डूली म्हणाला, "राहू दे की त्याचं नाव. मेलेला माणूस काही भांडायला येत नाही."

पहिल्याच झटापटीत आजोबांच्या डाव्या खांद्याला... दुसरा खांदा लागला.

तिथे कुणीच नव्हतं. शेजारचा गडी चांगला दोन हात लांब होता.

समोरचा दांडगा मागे कोलमडला. तोंडातला चिखल थुंकत तो पंचांकडे गेला. "साहेब, यांचा एक गडी जास्त आहे. दोघं मिळून रेटतायत मला."

पंचांनी मोजले. अकरा.

पुन्हा मोजले... अकराच.

सोमवारच्या पेपरात आलं, क्रालिक भिंतीसारखा उभा राहिला. शेजारणीने ते मातुशच्या आईला, झुझाना मावशीला, वाचून दाखवलं.

पुढच्या रविवारी मावशी कुंपणापाशी उभी होती. आजोबांना वाटलं, आता ही सगळ्यांदेखत कानफटात मारणार. माफी मागून नाव सोडायचं, असं ठरवूनच ते मान खाली घालून गेले.

तीच आधी बोलली. "नाव सोडू नकोस रे बाबा. गेल्या रविवारी संध्याकाळी त्याची पावलं वाजली. दारापर्यंत आला. मी उघडलं तर..."

तिने डोळे पुसले.

"कुणी नव्हतं. पण आला होता. आईला कळतं."

आजोबांनी नाव ठेवलं. पुढे कॉलेज सुटलं, खोट्या नावाची गरज संपली, तरी ठेवलं. आठवडाभर कारखाना, रविवारी मैदान. नाक दोनदा मोडलं. तीन बोटं कायमची वाकडी झाली. त्यांचं स्वतःचं नाव मात्र कुठल्याच पेपरात आलं नाही. आणि खरं सांगायचं तर, डावीकडच्या त्या खांद्याची त्यांनाही सवय झाली होती.

१९३० च्या जानेवारीत मावशी अंथरुणाला खिळली. आजोबांचा हात धरून म्हणाली, "एमिल, मी चालले. माझ्यामागे त्याला दार कोण उघडणार? आता सोड त्याला. माझ्याबरोबर येऊ दे."

आजोबांनी शब्द दिला. त्याच आठवड्यात ती गेली.

पाळला नाही.

तेव्हा ते तिशीला आले होते, गुडघे गेले होते. त्या खांद्याशिवाय आपण एक दुपारही टिकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डूलीने विचारलं, नाव काय लावू? आजोबा म्हणाले, नेहमीचंच.

नोव्हेंबर उजाडला. पाऊस, घोटाभर चिखल. रांग बसली. आजोबांनी अंग पुढे झोकलं, आणि डावीकडे...

खांदा होता.

पण तो रेटत नव्हता. तो आजोबांवर टेकला होता.

दिवसभर भट्टीपुढे राबलेला माणूस टेकतो ना, तसा. सगळा भार टाकून. आणि तो थरथरत होता. तो हुंदके देत होता. आवाज नव्हता, नुसतं अंग हलत होतं.

आजोबा खेळ चालू असताना उठले आणि मैदानाबाहेर चालत गेले. डूलीने शिव्या घातल्या, लोकांनी भित्रा म्हटलं. ते एवढंच म्हणाले, "ते नाव खोड." पुन्हा कधी खेळले नाहीत.

शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसायचो. एके दुपारी त्यांनी मला विचारलं, "जवळजवळ वर्षभर मी त्याला धरून ठेवलं रे. तेवढ्यात ती एकटीच पुढे निघून गेली नसेल ना?"

मी त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.