एक धरून

नव्या पाणीवाल्याचा आपल्या काचेच्या नळीवर भारी विश्वास. तरणतलावात कोपरापर्यंत हात घालून नळी भरायची, औषधाचे चार थेंब टाकायचे. पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन पुरेसं, फिकं राहिलं तर कमी. दिवसभरात जितकी डोकी पाण्यात उतरली तितकी क्लोरीनची मापं संध्याकाळी घालायची, हा तिथला शिरस्ता.

पण आठवडाभर पाणी काही त्याला दाद देईना. रोज सकाळी नळी फिकी, आणि तळाच्या काळ्या रेघा धुक्यात गेल्यासारख्या. गढूळ पाण्यात मूल बुडालं तर काठावरून दिसत नाही. आणि आज दुपारच्या वर्गात त्याची स्वतःची लेक उतरणार होती, सहा वर्षांची, नाकात थेंब गेला तरी घर डोक्यावर घेणारी.

शेवटी त्याने जुनी वही काढली. त्याच्या आधीचे, निवृत्त झालेले पाणीवाले काका वीस वर्षं त्यात डोकी लिहीत आले होते. हजेरीत अकरा, तर वहीत बारा. हजेरीत नऊ, तर वहीत दहा. म्हातारा मोजण्यात कच्चा, म्हणून पहिल्या दिवशी तो पोट धरून हसला होता. आता त्याने मुकाट्याने फोन लावला.

"काका, तुम्ही एक जास्त का धरायचात?"



"सगळे गेले ना, की पाणी जरा बघत बस... लगेच थांबत नाही ते. कुणीतरी सावकाश पोहत असतं."

"कोण?"

"मी कधी विचारलं नाही रे. एक धरून माप घातलं, की पाणी नितळ राहायचं... आणि कुणाला काही व्हायचं नाही."

त्याने एक माप जास्त घातलं. दुपारपर्यंत छपराच्या काचांतून उतरलेलं ऊन थेट तळाशी डुलू लागलं. लेक पाण्यात उतरली, आणि रडायचं सोडून कुणाशीतरी बोलल्यासारखी हसत राहिली. वर्ग सुटल्यावर तो काठावर बसला. पाणी लगेच निश्चल झालं, अगदी आरशासारखं. तरी त्याने संध्याकाळी एक धरूनच मापं घातली.

दुसऱ्या दिवशी नळी गडद गुलाबी झाली. एक माप पाण्यात तसंच शिल्लक होतं. म्हणजे रात्री तलावात कुणीच नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि तो शीळ घालत जेवायला घरी आला.

लेकीने ताटं मांडली होती. चार.

"अगं, आपण तिघंच ना?" बायको म्हणाली.

"एक धरून, आई."

लेकीचे केस कालपासून वाळले नव्हते. चौथ्या ताटासमोर कुणी नव्हतं, फक्त फरशी ओली होती.

बायको हसली. त्याला मात्र काकांचं शेवटचं वाक्य आठवलं, एक धरलं की कुणाला काही व्हायचं नाही. त्याने काही न विचारता चौथ्या ताटात भात वाढला. वाढताना त्याचा हात गार पडला, कोपरापर्यंत.