सखारामचा काप

भाट्याच्या खाडीकडे खिडक्या उघडणाऱ्या त्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात मिठालाही पाणी सुटायचं. १९८६च्या मे महिन्यात राही तिथे मूत्रपिंडातलं ऑक्सिडेज जातीचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, शोधत होती. त्या विकराला नेमकं जाऊन चिकटणारं प्रतिपिंड तिने वर्षभर खपून सशांच्या रक्तातून मिळवलं होतं. काचपट्टीवर मूत्रपिंडाचा पातळ काप ठेवायचा, त्यावर प्रतिपिंडाचा थेंब सोडायचा आणि काच तळाशी ओला टिपकागद घातलेल्या डब्यात झाकून ठेवायची. पुढे रंग दिला की विकर असेल तिथे तपकिरी डाग उठे.

सशांची निगा येसूबाई राखायची. तिचा नवरा सखाराम मूत्रपिंडं निकामी होऊन फाल्गुनात गेला. तिनेच परवानगी दिली, म्हणून त्याचा काप इथे आला होता.

त्या दुपारी राहीने डबा उघडला. बाकीच्या काचांवरचे थेंब टपोरे होते. सखारामच्या कापावर मात्र काहीच नव्हतं. कागद ओला होता, काच सरळ होती. तिने पुन्हा थेंब सोडला. थोड्या वेळाने तोही नाहीसा झाला. डबा बदलला, तरी तेच. प्रतिपिंडाच्या बाटलीचा तळ दिसू लागला तेव्हा तिचा हात थांबला. वर्षाचे कष्ट होते त्यात.

येसूबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"ह्यांचाच ना तो?"

राहीला खोटं बोलवेना. "हो."

"शेवटी सारखं पाणी पाणी करीत व्हते. डाक्तरान बंद केलंन. मी आपली ओठ तेवढे भिजवायची."

"येसूबाई, यात जीव नाही. याला तहान कशी लागेल?"

"मग सुकतो कसा, बाई?"

राहीने पाण्याचं भांडं आणि ड्रॉपर तिच्यापुढे सरकवला.

थेंब पडला. गेला. दुसरा गेला. येसूबाई थेंब सोडत राहिली. भांडं अर्धं झालं.

मग एक थेंब कापावर तसाच राहिला.

"झालं," ती म्हणाली. डोळे पुसून ती सशांना गवत घालायला गेली.

राहीने काच उचलली.

खालच्या कागदावर फिकट पिवळा ओघळ पसरत होता.

तिने बोट टेकवलं. कोमट होता.