नाकाच्या इशाऱ्यावर

कॉम्प्युटर क्लासला एकच पायरी होती, पण नेमकी तीच खुर्चीला आडवी आली होती. लाइट गेली म्हणून तिथे शिकवणारी श्रुतिका बाहेर आली, तेव्हा चाकांच्या खुर्चीतला एक तरुण आणि त्याची बहीण त्या पायरीशी झगडत होते.

"मॅडम, जरा हात लावता का?" तो म्हणाला. "मीच लावला असता... पण माझे दोन्ही संपावर आहेत."

तिला हसू फुटलं, आणि लगेच ओशाळायलाही झालं.

"हसा हो. मुद्दामच बोललो."

नविन मूळचा सायवनचा. वायरमन होता, खांबावरून पडला आणि मानेखाली काही हलेना. आता तलासरीला बहिणीकडे, रूपीकडे राहायचा. तीन वर्षं भिंतीकडे बघून काढल्यावर २०१७ साली तो कॉम्प्युटर शिकायला आला होता. त्याला शिकवायचं कसं, हे श्रुतिकालाही ठाऊक नव्हतं. आठवडाभर शोधून तिने एक फुकटचा प्रोग्रॅम मिळवला. कॅमेरा नाक टिपायचा. नाक वळेल तिकडे स्क्रीनवरचा बाण सरकायचा, क्षणभर स्थिर राहिलं की क्लिक.

"बाण सारखा डावीकडे पळतोय," ती म्हणायची.

"डावीकडे तुम्ही बसता."

"मग मी मागे बसते."

"नको — मान मुरगळेल. तेवढीच तर शिल्लक आहे."

सहा महिन्यांत तो घरांच्या वायरिंगचे नकाशे काढू लागला, कंत्राटदार कामं आणून देऊ लागले. नकाशा पुरा झाला की तो डोळे मिटून मान मागे टाकायचा. कपाळावर आलेले त्याचे केस श्रुतिका न सांगता मागे सारायची.

एके दिवशी ती म्हणाली, "रविवारी मला बघायला येताहेत. मुलगा वापीला असतो."

बाण जागच्या जागी थांबला.

"तुम्हाला हवंय?"

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारतोय ना..."

"नकोय," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

रविवारी सकाळी डहाणूच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या श्रुतिकाच्या घरासमोर जीप थांबली. रूपी आणि तिचा नवरा हाल्या यांनी नविनची खुर्ची उचलून आत आणली. श्रुतिकाचे बाबा पेपर खाली ठेवून बघत राहिले.

"काका, पाहुणे यायच्या आधी बोलायचं होतं," नविन म्हणाला. "मला श्रुतिका आवडते. तिच्या मनात काय आहे, ते तिलाच विचारा."

"पेलाभर पाणी हाताने घेता येत नाही तुम्हाला," बाबा शांतपणे म्हणाले. "पुढे कसं व्हायचं?"

"नाही येत. रोज कुणीतरी पाजतं. ते लपवून काय करू?"

श्रुतिका आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. खुर्चीजवळ गुडघे टेकून तिने एक हात त्याच्या मानेमागे धरला, दुसऱ्याने पेला ओठांना लावला. तो सावकाश, सगळं पाणी प्यायला. थोडं हनुवटीवर ओघळलं, ते तिने ओढणीने टिपलं.

बाबा हे सगळं बघत होते. मग त्यांनी मोबाइल हातात घेतला.

"वापीवाल्यांना काय सांगू?"

"येऊ नका म्हणावं," श्रुतिका म्हणाली. तिचा हात अजून नविनच्या मानेमागेच होता.