तीन नंबरच्या बोटीची नोंद

बोटहाउसमधल्या कपाटाचं दार उघडं होतं. निळ्या पुठ्ठ्याच्या लॉगबुकांची रांग जागच्या जागी होती, फक्त मध्ये एक बोटभर फट पडली होती.

"आंटी, सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं नाहीये," शिल्पा म्हणाली. "बाकी सब है."

सत्यभामाबाईंनी फटीत हात घालून पाहिला. हाताला नुसती फळी लागली.

रविवारचे साडेसात वाजले होते. मरोद्याच्या तलावावरच्या सेलिंग क्लबला पन्नास वर्षं झाली होती आणि नऊ वाजता क्रूझ निघायची होती. सहा बोटी शिडं लावून निघत, पंपहाउसला वळसा घालून पलीकडच्या काठाला लागत, तिथे पोहे खात आणि परत येत. दीड तासाच्या या फेरीला क्लबात पहिल्यापासून क्रूझच म्हणत. पाहुणे हसायचे. सत्यभामाबाई कधी हसल्या नव्हत्या. पहिल्या क्रूझला त्यांनी पदर खोचून शिडाची दोरी धरली होती, आणि पाण्यात पोलाद कारखान्याच्या चिमण्यांची उलटी रांग हलताना पाहिली होती.

क्लबाचा इतिहास त्याच लिहीत होत्या. सगळी लॉगबुकं वाचून झाली होती, एकच राहिलं होतं. ते आज सकाळी बघणार, हे त्यांनी आठवड्यापूर्वी तिघांना सांगितलं होतं: बँकेत नोकरी करणाऱ्या सेक्रेटरी शिल्पाला, अध्यक्ष देवरावांना आणि राखणदार केवलरामला. केवलरामला मात्र शिल्पाकरवी. त्याच्याशी त्या सदतीस वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

कारण त्या हरवलेल्या लॉगबुकातच होतं. २१ फेब्रुवारी १९८८, रविवार. क्रूझच्या मध्यावर तीन नंबरच्या बोटीचं सुकाणू निखळलं, वाऱ्याने बोट उलटली. तिच्यात सुजय होता, सत्यभामाबाईंच्या बहिणीचा मुलगा. एकोणीस वर्षांचा. तो वर आला नाही.

चौकशीला बाहेरून साहेब आले होते. त्यांच्या टाइप केलेल्या अहवालातलं वाक्य बाईंना पाठ होतं: 'बोटींची अखेरची तपासणी वीस तारखेस झाली, क्रूझच्या दिवशी तपासणी झाली नाही.' बोटी तपासायचं काम केवलरामचं होतं. तेव्हा तो कारखान्यात फिटर होता. आता बोटहाउसमागच्या खोलीत एकटा राहायचा.

शिल्पाने त्याला बोलावलं. तो ओल्या पायांनी दारात उभा राहिला. शिल्पाने त्याची राखणीची वही उघडली आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली.

"शनिवार. पहाटे साडेपाच. बोटहाउस उघडलं, कपाट पाहिलं, वह्या पुऱ्या." तिने मान वर केली. "म्हणजे काल पहाटे लॉगबुक होतं. काल दिवसभर चावी कोणाकडे होती, काका?"

"माह्याकडंच."

"कोणी आलं होतं?"

"कोणीच नाई."

"मग गेलं कुठे?"

"मी तं आज सकाळी पाह्यलं. तेच तं लिवलं हाय."

"काका, शनिवार लिहिलंय. आज संडे है."

"लिवलं ते लिवलं," केवलराम म्हणाला, आणि पायांकडे बघत राहिला.

दाराजवळच्या बाकावर देवराव बसले होते. भट्टीवर तीस वर्षं शिफ्ट इन्चार्ज होते. आवाज अजून तसाच जड होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जाऊ दे शिल्पा," ते म्हणाले. "म्हातारा माणूस हाय. पोलिसात नको देऊ. खोली तेवढी आज खाली करायले सांग."

खोली सुटली तर केवलरामला जायला घर नव्हतं. आणि आता इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव दोनदा येणार होतं: एकदा बोट बुडवणारा म्हणून, एकदा चोर म्हणून.

सत्यभामाबाईंना बसवेना. त्या धक्क्यापर्यंत गेल्या, पाण्याकडे पाहून परत आल्या, पुन्हा गेल्या. इतकी वर्षं त्या या माणसावर रागावल्या होत्या. आज तो दोषी ठरताना बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. काहीतरी सलत होतं.

परत येऊन त्यांनी राखणीची वही हातात घेतली. शनिवारखाली तीन ओळी होत्या. संध्याकाळी सहा, दिवे लावले. रात्री नऊ, कुलूप घातलं. आणि त्याखाली, सगळ्यात शेवटी, पहाटे साडेपाच. त्यांनी पान उलटलं. शुक्रवारही तसाच. गुरुवारही.

त्या बाकासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"देवराव, तुम्ही आज केव्हा आले?"

"सव्वासहाले. मंडप पाहाले."

"केवलराम कुठे होता?"

"पाण्यावर. वळणाच्या खुणेचे पिंप सोडून राहिला होता."

"बोटहाउसात कोण होतं?"

"कोणीच नाही. मीच." थांबून ते म्हणाले, "काल म्हणाल तं मी दिवसभर रसमड्याले होतो, पोरीकडे."

"कालचं मी विचारलंच नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या. "एकच सांगा. कारखान्यात तारीख केव्हा बदलते?"

शिल्पाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "रात्री बाराला ना, आंटी?"

"तुझ्या बँकेत बाराले. कारखान्यात सकाळी सहाले. सहाले पहिली पाळी लागते, तिथून नवा दिवस. रात्रपाळीची पहाट आदल्याच तारखेत जाते. टाइम ऑफिसात मी तीस वर्षं तशाच हजेऱ्या लावल्या. केवलरामचा हात अजून तसाच चालते. पाहा, पहाट रात्रीच्या कुलपाखाली लिहिली आहे. ही शनिवारची पहाट म्हणजे आजची. साडेपाचले लॉगबुक होतं. साडेसातले आम्ही आलो तं नव्हतं. मधल्या वेळात आत होते तुम्ही."

"पण हे मला माहीतच नव्हतं," शिल्पा म्हणाली.

"तुले कसं माहीत असणार? यांना होतं." बाईंचा आवाज चढला नाही. "देवराव, असल्या नोंदींवर तुम्ही तीस वर्षं सह्या केल्या. पोरीनं चूक वाचलं, या माणसाची खोली चालली, अन् तुम्ही गप्प बसले. कावून? मग मले अठ्ठ्याऐंशी आठवलं. अहवालात नुसती तारीख होती, वेळ नव्हती. मूळ लॉगबुक मी कधी पाहिलंच नाही. तेव्हाही कोणीतरी चूक वाचलं असेल, अन् तेव्हाही तुम्ही गप्प बसले असाल. त्या क्रूझचे कॅप्टन तुम्हीच होते. एवढी वर्षं ते कोणी उघडत नव्हतं, म्हणून कपाटात राहू दिलं. आता टाइम ऑफिसची बाई उघडणार होती."

देवराव उठले, स्कूटरच्या डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लॉगबुक आणलं आणि बाकावर ठेवलं.

शिल्पाने पान शोधलं. '२० फेब्रुवारी. पहाटे ५.४०. बोट नंबर तीन. सुकाणूची पिन झिजली. पाण्यात सोडू नये. केवलराम.' खाली दुसऱ्या शाईत: 'पाहिले. देवराव.'

"वारा चांगला होता," देवराव म्हणाले. "सारे तयार होऊन बसले होते. मले वाटलं, दीड तासाचं तं काम हाय. मग साहेबांनी वीस तारीख वाचली. म्हणाले, आदल्या सकाळचं दिसते, मग दिवसभरात पिन बदलली असेल अन् क्रूझच्या दिवशी पाहिली नसेल. मी नाही म्हटलं नाही."

ते हेल्मेट उचलून बाहेर गेले. क्रूझची शिट्टी दर वर्षी तेच वाजवत. या वर्षी ती बाकावर पडून राहिली.

सत्यभामाबाई केवलरामकडे वळल्या. काय म्हणून हाक मारायची, हेच आधी सुचेना.

"केवलरामभाऊ, मले सांगितलं कावून नाही तेव्हा?"

"तुमी दार लावून घेतलं होतं, बाई." तो अजून पायांकडेच बघत होता. "अन् मी लिवून देल्लं होतं."

बाईंनी राखणीची वही पुढे ओढली.

"आज तीन नंबर पाहिली काय?"

"पाह्यली. पिन नवी हाय."

सहा वाजून गेले होते, म्हणून त्यांनी रविवारचं कोरं पान काढलं. 'बोट नंबर तीन. तपासली: केवलराम.' त्याखाली लिहिलं, 'पाहिले. सत्यभामा.' मग चपला दाराशी काढल्या, पदर खोचला आणि धक्क्याकडे निघाल्या.

"चला भाऊ," त्या म्हणाल्या. "मले धरा. सदतीस वर्षांत बोटीत पाय नाही ठेवला."