दहा एकवीसची नोंद

बुधवारी अकराला इंजेक्शन दिलं आणि सव्वाअकराला सालमे म्हातारी गेली. पेनिसिलिनची ॲलर्जी. एस्टोनियाच्या आमच्या चिमुकल्या बेटाने दुपारपर्यंत डॉक्टर मेरिकेला खुनी ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने तपास अधिकारी हेल्वे आली.

"ॲलर्जी विचारली नाहीत?"

"नाही." मेरिके म्हणाली. "न्यूमोनिया वाटतोय, असं तिच्या भाच्यासमोर म्हटलं, तिला एक्स-रेला पाठवलं. मग तिची फाईल उघडली. ॲलर्जीचा रकाना कोरा होता. माझी पदवी जाणार, बाई. कदाचित तुरुंगही."

हेल्वेने नोंदी मागवल्या. आमच्याकडे सगळ्यांची दुखणी ब्लॉकचेनवर असतात. कोणी काय उघडलं, काय झाकलं, ते मिनिटासकट नोंदलं जातं, आणि मागाहून मंत्र्यालाही खोडता येत नाही. आपलं एखादं पान डॉक्टरपासून झाकायचा हक्क मात्र रोग्याला असतो; डॉक्टरला मग तिथे नुसता कोरा रकाना दिसतो.

ॲलर्जीचं पान बुधवारी दहा एकवीसला झाकलं होतं. सालमेच्याच ओळखपत्राने, तिच्याच पिननंबरने.

हेल्वेने भाच्याला, तार्मोला, बोलावलं. म्हातारीचा एकुलता वारस.

"पान तुमच्या मावशीनेच झाकलेलं दिसतंय."

"झाकणारच. भारी संशयी बाई. पण डॉक्टरीणबाईंना तोंड नव्हतं विचारायला? सोडू नका तिला."

"मावशी आत तपासणीला असताना तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर बाकावर. मांडीवर तिची पर्स, शेजारी लॅपटॉप. काम करत होतो."

"मावशी मध्ये बाहेर आली?"

"छे. एक्स-रेहून थेट खाटेवरच नेली."

"मग तिने पान झाकलं कसं?" हेल्वे शांतपणे म्हणाली. "एक्स-रेचीही नोंद आहे. दहा वीस ते दहा चोवीस. दहा एकवीसला ती यंत्रासमोर श्वास रोखून उभी होती. ओळखपत्र पर्समध्ये, पिननंबरची चिठ्ठी त्यालाच गुंडाळलेली, पर्स तुमच्या मांडीवर, आणि ओळखपत्र घालायला लॅपटॉप शेजारीच. न्यूमोनिया म्हटल्यावर कोणतं औषध देणार, हे तुम्ही ताडलंत. पान झाकल्याची नोंद कोणाला खोडता येणार नाही, याचा भरवसा धरलात. एक्स-रेचीही खोडता येत नाही, हे विसरलात. किनाऱ्यावरचं तिचं जंगल ती तुम्हाला विकू देत नव्हती ना?"



"नव्वदी उलटली होती तिची," तार्मो पुटपुटला. "मरतच नव्हती."

हेल्वे मेरिकेकडे गेली. "खून तार्मोने केला, डॉक्टर. तुमच्यावर आता खटला नाही."

मेरिके खिडकीशी उभी होती. "ती शुद्धीवर होती," ती म्हणाली. "सुई टोचताना मला म्हणाली, पोरी, हात किती गार गं तुझे. चांगली बोलत होती. विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं मला."