गिझरच्या पाण्यातले मासे

“दोन गोल्डफिश द्या,” तो म्हणाला, आणि संघप्रियाने हातातली जाळी काउंटरवर आपटली.

“मागचे दोन?”

“गेले…”

“आणि त्याच्या आधीचे?”

“ते तर तुमाला माहीतच हाय.”

पूर्णा स्टेशनाजवळ संघप्रियाने शोभेच्या माशांचं दुकान थाटून जेमतेम वर्ष झालं होतं. एकेका माशावर तिचा जीव. आणि हा सुगत, रेल्वेत सिग्नल दुरुस्त करणारा, शिडशिडीत, बोलताना उगाच कान खाजवणारा… महिन्याभरात चार मासे घालवून पुन्हा हसत उभा! त्या हसण्याने तिचा राग अर्धा उतरायचा, आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा.

“मी देणार न्हाई,” ती म्हणाली. “खायला किती टाकता?”

“चिमूटभर.”

“पाणी?”

“नळाचंच. रात्रभर ठेवलेलं. तुमी सांगितलं तसं.”

सगळं बरोबर, तरी मासे मरतात? तिला राहवेना. रविवारी दुपारी दुकान बंद करून ती थेट त्याच्या भाड्याच्या घरी धडकली.

दार त्याच्या आईने उघडलं. “मासेवाली का तू? ये बाई. हा लय सांगायलाय तुझं.”

“आई!” आतून सुगत ओरडला.

संघप्रियाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कान मात्र गरम झाले. माशांची टाकी लख्ख होती, फिल्टर चालू होता. मग?

“सकाळी पाणी लय गार पडायचं,” सुगत म्हणाला. “गारठतील बिचारे, म्हणून वरून थोडं गरम ओतायचो.”

“गरम कुठलं?”

“गिझरचं. तेबी नळाचंच की!”

तिने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. डोळे उघडले तर हा बाबा त्याच गरम नळाखाली चहाचं पातेलं धरून उभा! नळाखालच्या फरशीवर हिरवट-निळा डाग पडला होता.

“ठेवा ते खाली! किती जुना हाय गिझर?”

“आधीच्या भाडेकरूने सोडलेला. फुकटात मिळाला. लवकर उकळतं, गॅस वाचतो—”

“आतली टाकी तांब्याची असणार. गरम पाणी तिच्यात तासन्‌तास बसतं, धातू त्यात उतरतो. माशांना थोडंसं तांबंही सोसत न्हाई. आणि तुमी त्याचा चहा करायलात?”

“मी तर रोज सकाळी ते पाणी दोन तांबे भरून पिते,” आई हळूच म्हणाली. “पोट साफ राहतं म्हणतात. पण मळमळतं गं हल्ली लय.”

“पिऊ नका, मावशी. प्यायला गार नळाचं घ्या, गॅसवर तापवा. आणि डॉक्टरांना हे पाण्याचं सांगा.”

सुगतचा चेहरा पडला. आईला आपणच… ते त्याला पेलेना. “तुमी मासे विकता,” तो तुटकपणे म्हणाला, “डॉक्टर न्हाईत.”

ती चहा न घेताच निघाली.

पुढचे पाच दिवस तो फिरकला नाही. बरंच झालं, असं ती स्वतःला बजावत होती. तरी दाराची घंटी वाजली की मान वर व्हायचीच. काय कटकट आहे ही!

सहाव्या दिवशी तो आला. हातात मोबाइल, त्यात उघडलेल्या गिझरचा फोटो. आत तपकिरी गाळ, हिरवी बुरशीसारखी पुटं.

“डॉक्टरांना दाखवलं. ते पाणी बंद केल्यापासून आईची मळमळ थांबली.” तो कान खाजवू लागला. “मी त्या दिवशी लय वाईट बोललो. माफ करा.”

“बरं.”

“आणखी एक… दुसरी जोडी मेली तेव्हा वाईट वाटलं. खरंच. पण… दुकानात पुन्हा यायला मिळणार, म्हणून जरा बरंबी वाटलं.”

“म्हणजे माझे मासे मेलेले चालले तुमाला?” ती भडकली.

“न्हाई हो! आता तुमाला कसं सांगू… मला तुमी आवडता. मासे नसले तरी यावंसं वाटतं.”

संघप्रिया त्याच्याकडे बघत राहिली. राग शोधू लागली. सापडला, पण त्यात दम नव्हता.

“मग तसंच यायचं होतं ना!” ती वैतागून म्हणाली. “चार जीव घालवायची काय गरज होती? मी काय दारातून हाकलणार होते?”

तो हसला. यावेळी तिनेही हसू लपवलं नाही.

“बसा,” तिने स्टूल पुढे सरकवलं. “चहा सांगते.”