कुडापलीकडची कवडी

“दिलेल्या जनावराला दिवेलागणीला नावानं हाक मारू नको, सुभद्रे.”

सासू कधीच देवाघरी गेली. पण सुभद्रामावशीनं तिचं हे सांगणं पाळलं.

मी मावशीची शेजारीण, तुळशीपुढं बसून लिहितेय. नागनाथाची शपथ, यात पदरचं काही नाही.

गोष्ट गेल्या श्रावणातली. जवळा बाजारच्या अलीकडच्या वस्तीवरची.

मावशीची लेक राधिका परभणीजवळ एका प्रयोगशाळेत आहे. ओठांवर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू पेशीच्या केंद्रकात तयार होतो आणि त्याची भिंत न फोडता बाहेर पडतो. कसा, तेच तिला शोधायचं होतं. त्याला वाट करून देणारं प्रथिन शेळीला टोचायचं. मग शेळीच्या रक्तात त्या प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडं तयार होतात, आणि त्यांच्यामुळं ती वाट सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

त्यासाठी तिनं घरचीच शेळी, कवडी, नेली.

मावशीनं कवडीच्या गळ्यातली घंटी काढून खुंटीला अडकवली. कानात म्हणाली, “काम झालं की मी न्यायला येईन, बाय.”

मग एका सांजेला, मावशी दिवा लावत असताना…

घंटी वाजली.

शेळ्यांच्या कुडाच्या बाहेरून.

खुंटीवरची घंटी… हलतही नव्हती.

आत शेळ्या एका कोपऱ्यात दाटल्या होत्या. मधे एका शेळीपुरती जागा मोकळी. मावशीनं तिथं हात टेकवला.

भुई ऊबदार होती…

फाटकाला कडी. कूड शाबूत. बाहेर ओल्या मातीत खुरं उमटलेली… थेट कुडापासून निघालेली.

हाक ओठांवर आली. मावशीनं गिळली.

मावशीचे मालक नामाजीकाका हसले. म्हणाले, लेक तिकडं विषाणू हुडकून राहिली, तू इकडं बकरीचं भूत हुडक.

दुसऱ्या सांजेला त्यांनीही ऐकलं. मग हसले नाहीत.

मावशीनं राधिकेला फोन लावला. कवडी बरी हाय का, विचारलं.

राधिकेचा आवाज दबका आला.

“बरी हाय. सकाळी पाला खाल्ला तिनं.”

“मग काहून अशी बोलून राहिलीस?”

“आई… दिवेलागणीला ती इथल्या गोठ्यात नसती. बाहेरून कुलूप असतंय. सकाळी पुन्हा आतच.”

मावशीची नजर खुंटीवरच्या घंटीकडं गेली.

“उद्या दुपारी तिचं सगळं रक्त काढायचं ठरलंय. मग ती राहणार न्हाई. मला तुला सांगवलं न्हाई, आई.”

मावशी रागावली नाही. मी येईपर्यंत तिला हात लावू देऊ नको, एवढंच म्हणाली.

राधिका हो म्हणाली नाही.

ती खुरं कुणाची, मला आजही कळत नाही. दिवा लावताना माझा कान कुडाकडंच असतो.

फोनच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता, मावशीचा निर्जळी उपास. तिनं देवापुढं वात लावली. दावं पिशवीत घातलं. काकांनी विचारलं, कुठं?

“न्यायला येईन म्हणून सांगितलं होतं मी तिला,” मावशी हळूच म्हणाली, आणि पहिल्या जीपला निघाली.